गाडी गेली, नाव राहिलं

जुनी गाडी ऑनलाइन विकायला काढली की जो तो एकच सल्ला देतो, "काकू, क्यूआर कोड तेवढा स्कॅन करू नका." सल्ला चुकीचा नाही. पण सरकारी विमा कंपनीच्या मोटर क्लेम विभागात उभी नोकरी काढलेल्या माझ्यासारखीला तो अपुरा वाटतो. क्यूआरवाला भामटा खात्यातले पैसे नेतो आणि नाहीसा होतो. पण पूर्ण पैसे मोजून, नमस्कार करून किल्ली घेणारा आणि नंतर गाडी आपल्या नावावर करून न घेणारा माणूस पुढची कितीतरी वर्षं तुमच्याच नावाने रस्त्यावर हिंडत राहतो. त्याला कुणी भामटा म्हणत नाही. त्याच्यापासून सावध राहा, असंही कुणी सांगत नाही.

आमची वॅगन-आर २०१४ची, एमएच ०१, म्हणजे ताडदेव आरटीओची. फणसवाडीत गाडी बाळगणं हे मुळातच हौसेचं काम. एका बाजूला हातगाड्या, दुसऱ्या बाजूला टेम्पोतून उतरणारा माल. रात्री मिळालेली जागा सकाळी सोडली की संध्याकाळी ठाकूरद्वारापर्यंत घिरट्या घालायच्या. यजमान होते तोवर त्यांनी ते हौसेने केलं. पुढे माझे गुडघे कुरकुरू लागले, ऑक्टोबर २०२५ मध्ये भूमिगत मेट्रो गिरगाव-काळबादेवीतून धावायला लागली आणि गाडी निव्वळ कबुतरांच्या सोयीसाठी उभी राहिली. भाच्याने फोटो काढले, नंबर प्लेटवर बोट ठेवून नंबर झाकला आणि जाहिरात टाकली.

जाहिरात पडते न पडते तोच फोन. "मॅडम, आर्मी में हूं, कुलाबा में पोस्टिंग है, गाडी पसंद है." घासाघीस नाही, प्रश्न नाही, सांगितली ती किंमत मान्य. इतकी जुनी गाडी न बघता, बॉनेट न उघडता, इंजिनाचा आवाज न ऐकता सांगितल्या भावात घेणारा माणूस मुंबईत अजून जन्माला यायचा आहे. मी म्हटलं, कुलाबा काय, इथून जवळच. संध्याकाळी या, चहा घ्या, गाडी बघा. "ड्यूटी है मॅडम. मेरा आदमी आके ले जाएगा, पेमेंट मैं अभी कर देता हूं." पाठोपाठ व्हॉट्सॅपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड. न मागता एवढे कागद! आमच्याकडे खोटा दावा आला की त्याची फाइल अशीच जाडजूड असायची. खऱ्या अपघातग्रस्ताकडे निम्मे कागद नसायचे.

मग आला तो क्यूआर कोड. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'रिसीव्ह', खाली पाच हजारांचा आकडा. हे 'रिसीव्ह' चित्रावर कुणीही लिहू शकतो. कोड स्कॅन केला की फोनवर उघडतं ते पैसे देण्याचं पान, आणि समोरचा घाई करत असतो, "पिन डालो मॅडम, तभी क्रेडिट होगा." यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन टाकली म्हणजे पैसे जाणार, इतका साधा हिशेब आहे. तरीही शिकलेसवरलेले लोक फसतात. २०२१ साली दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे जुना सोफा ऑनलाइन विकताना असेच ३४ हजार रुपये गेले होते. त्यामुळे 'आमच्याकडे असं होणार नाही' म्हणणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची, ती 'कलेक्ट रिक्वेस्ट'ची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, हे चांगलं झालं. एक दार लागलं. क्यूआरचं दार उघडंच आहे.

त्या ओळखपत्रावरचा चेहरा बहुधा कुणा खऱ्या जवानाचाच असतो. त्याने कधीतरी काहीतरी विकताना विश्वासाने कुणाला तरी पाठवलेला. म्हणूनच "आरसी का फोटो भेजो, आधार भेजो" म्हणणाऱ्याला काहीही पाठवायचं नाही. गाडीच्या नंबरवरून थोडीफार माहिती एम-परिवहनवर कुणालाही दिसते, पण आरसीच्या फोटोत चासी नंबर, इंजिन नंबर, पत्ता असं सगळंच असतं. पुढच्या एखाद्या सावजाला दाखवायला तुमची वॅगन-आर त्या भामट्याची होऊन जाते. आणि पैसे गेलेच, तर सकाळी मुलाला विचारून बघू असं करत बसू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर त्याच क्षणी लावायचा. पैसे खात्यातून खात्यात पळत असतात, ते वाटेत अडवता आले तरच मिळतात.

क्यूआरवाल्याला याहून जास्त जागा द्यायची माझी इच्छा नाही. खरी गोष्ट खऱ्या गिऱ्हाइकापासून सुरू होते.

ते आले लालबागहून, रविवारी सकाळी. तरुण मुलगा, त्याचे वडील आणि ओळखीचा मेकॅनिक. मला तो मेकॅनिक फार आवडला. त्याने रंगाकडे बघितलंच नाही. दाराच्या कडेचं रबर नखाने ओढून आतली वेल्डिंगची टिंबं कंपनीची आहेत की कुणी नंतर मारलेली, ते पाहिलं. पायाखालची मॅट उचलून पत्र्यावरून बोट फिरवलं. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचून म्हणाला, "काकी, टायर नवे दिसतायत, पण माल जुना आहे." खरं होतं. मग गाडी मरीन ड्राइव्हला नेली. मुलगा चालवत होता, भाचा त्याच्या शेजारी, मी मागे. ट्रायलला गाडी द्यायची ती अशीच. एकट्याच्या हातात किल्ली देऊन आपण गॅलरीत उभं राहायचं नाही. गाडी घेऊन गेलेला माणूस परतलाच नाही, अशा फाइली मी पाहिल्या आहेत. आणि विमा कंपनी तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते, की किल्ली कुणी दिली?

सव्वादोन लाखांवर सौदा ठरला. मुलगा म्हणाला, "काकी, लाखभर माझ्या मित्राच्या खात्यातून येतील, बाकीचे मी टाकतो." मी नको म्हटलं. त्याला राग आला. भामट्याच्या रांगेत बसवल्यासारखं वाटलं असणार. मला त्याच्यावर संशय नव्हता, त्या मित्राच्या खात्यात पैसे कुठून आले ते मला ठाऊक नव्हतं, इतकंच. सध्या एक निराळाच ताप झाला आहे. कुणी तरी दूर कुठे फसतो, १९३०ला तक्रार करतो, आणि ते पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती सगळी खाती गोठतात. त्या साखळीत गाडी विकणाऱ्या गृहस्थाचंही खातं सापडतं. त्याने काहीही केलेलं नसतं. फक्त तिऱ्हाइताच्या खात्यातून पैसे घेतलेले असतात. मग परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार आणि इकडे पेन्शन अडकलेलं. ज्याच्या नावाने गाडी, त्याच्याच खात्यातून पैसे, हा नियम मी म्हणूनच सोडला नाही. रोख चालेल का, हेही विचारून झालं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि पैसे घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड. शेवटी वडिलांनी मुलाला समजावलं. मित्राचे पैसे आधी मुलाच्या खात्यात आले, तिथून आरटीजीएसने माझ्याकडे. आले म्हणजे मी स्वतःच्या बँकेत बघितले तेव्हा आले. त्याच्या फोनवरच्या हिरव्या टिकमार्कावर मी किल्ली दिली नसती. तसला स्क्रीनशॉट आमच्या वाडीतला दहावीतला मुलगासुद्धा बनवून देईल.

आता एजंट. तो गिऱ्हाइकाने आणलेला होता, मनमिळाऊ होता. खांद्यावरच्या बॅगेतून फॉर्म काढून खाली बोट ठेवत म्हणाला, "इथे, इथे आणि मागे सह्या करा मॅडम. बाकी मी भरतो." फॉर्म २९ आणि ३०. दोन्ही कोरे. घेणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना, की आज मी ही गाडी अमुक माणसाला विकून ताब्यात दिली. त्यातला 'आज' कोरा, 'अमुक' कोरा, आणि सही तेवढी माझी! मी भाच्याला पेन दिलं, सगळं भरायला लावलं, तारखेशेजारी वेळ घातली, रिकाम्या जागांवर रेघा मारल्या, मगच सही केली. एजंट म्हणाला, "एवढं कोणी करत नाही." हे मात्र तो अगदी खरं बोलला.

कोणी करत नाही, याला कारण आहे आणि ते निव्वळ आळसाचं नाही. जाहिरात बघून येणाऱ्यांतले बरेच जण घरी वापरायला गाडी घेतच नसतात. ते छोटे व्यापारी असतात; घरगुती गिऱ्हाईक म्हणून येतात, गाडी घेतात, धुऊन-पुसून वीस-तीस हजार चढवून पुढे विकतात. मधे आपलं नाव चढवलं तर फी जाते, वेळ जातो, आणि आरसीवर मालकांची संख्या एकाने वाढून गाडीचा भाव पडतो. त्यापेक्षा तुमच्या सहीचे कोरे फॉर्म डिकीत पडलेले बरे. तिसऱ्याला विकली की त्याचं नाव घालायचं. तिसऱ्याने चौथ्याला विकली की चौथ्याचं. गाडी या हातातून त्या हातात जाते आणि कागदावर तुम्ही तिथेच.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि राज्याबाहेर विकली तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणाऱ्याने ३० दिवसांत. आणि कायद्याच्या लेखी मालक कोण? साधारणपणे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. ती पुढे आणखी काही हातांतून गेली. २००९ मध्ये मागे घेताना तिने दोघांना धडक दिली, त्यात एक जण दगावला. नोंद तेव्हाही पहिल्याच मालकाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. अपघातग्रस्ताने एका हातातून दुसऱ्या हाती गेलेल्या गाडीचा माग काढत फिरावं, हे न्यायालयाला मान्य नव्हतं. मलाही नाही. ज्याचं माणूस गेलं त्याने शोधाशोध का करावी?

मोटार अपघात ट्रिब्युनलचं समन्स हातात घेऊन आमच्या काउंटरला आलेली माणसं मला आठवतात. सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, ती गाडी तर मी कधीच विकली." विमा चालू असेल तर आम्ही भरायचो, सुटायचे. नव्या माणसाने विमा भरलाच नसेल तर आम्हाला हात वर करावे लागायचे. मग ते गृहस्थ घेणाऱ्याला फोन लावायचे आणि तो नंबर बंद असायचा.

अपघाताची भरपाई तरी दिवाणी मामला. १० नोव्हेंबर २०२५च्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या आय-ट्वेंटी गाडीत स्फोट झाला, तिच्या नंबरावरून पोलीस आधी गुरुग्रामच्या एका माणसाच्या दारी गेले. नोंद त्याच्या नावावर होती. गाडी त्याने केव्हाच विकली होती आणि ती पुढे अनेकांकडे फिरली होती. त्या रात्री त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल, याचा विचार मी जास्त करत नाही.

एवढं टोकाचं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. साधा ताप मात्र घरोघरी आहे. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी गाडी विकली. फास्टॅग काचेवर तसाच आणि खातं यांचंच. जेवताना फोन वाजायचा, खालापूरला टोल कापला. पाठोपाठ ई-चलान, तेही वेगमर्यादेचं. यांचं लायसन्स कधीचं संपलेलं! फास्टॅग बंद करणं, नो क्लेम बोनसचं पत्र घेणं (तो गाडीचा नसतो, तुमचा असतो, नवी गाडी घेतलीत तर उपयोगी पडतो), कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवणं, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवणं, ही कामं जाहिरात टाकण्याआधी किंवा किल्ली देण्याच्या दिवशीच उरकायची. सविस्तर सांगण्यासारखं त्यात काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते ओटीपीचं. आयुष्यभर आपल्याला बजावतात, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि आता मालकी बदलण्याचा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरला की ओटीपी येतो विकणाऱ्याच्याच मोबाइलवर. एजंट फोन करतो, "मॅडम, ओटीपी आलाय तो सांगा." सांगावा तर धास्ती, न सांगावा तर नाव तुमचंच राहणार. सरकारनेच असा पेच घातल्यावर म्हाताऱ्या माणसाने खरा ओटीपी आणि खोटा ओटीपी ओळखायचा कसा? माझा उपाय साधा होता. अर्ज भरताना एजंटाला आमच्या घरी बसवलं, भाच्याने स्क्रीन बघितला, मेसेजमधला गाडीचा नंबर जुळवला, आणि ओटीपी भाच्याने स्वतः टाकला. पण ज्यांना भाचा नाही त्यांनी काय करायचं?

इथे माझी तक्रार कुणा भामट्याविषयी नाही, परिवहन खात्याविषयी आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राने जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरांसाठी नियम केले. अशा डीलरच्या ताब्यात गाडी दिली की फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन कळवायचं. त्यानंतर जबाबदारी डीलरवर, कायद्याने तोच मालक मानला जातो. उत्तम नियम. पण माणसाने माणसाला गाडी विकली तर? तिथे व्यवहारात फॉर्म २९ आणि मालकी बदलण्याचा फॉर्म ३० जोडीनेच आरटीओत जातात; म्हणजे घेणारा हलला तरच विकणारा सुटणार. कायद्याने १४ दिवसांची मुदत मला घातली, आणि ती पाळण्याची चावी मात्र दुसऱ्याच्या खिशात. ब्रिटनमध्ये विकणारा स्वतः त्याच दिवशी वाहन खात्याला ऑनलाइन कळवतो, घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरतो, आणि खात्याची पोच त्याला ईमेलवर येते. घेणाऱ्याने नंतर काय दिवे लावले, याच्याशी त्याचा संबंध उरत नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. एकतर्फी सूचना मान्य केली तर लोक अपघात झाल्यावर मागची तारीख टाकून 'विकली होती' म्हणतील. हा आक्षेप कागदावरच्या सहीला लागू आहे. पोर्टलवर भरलेल्या सूचनेची वेळ पोर्टल ठेवतं, ती मागे नेता येत नाही. भलत्याच माणसाचं नाव घालतील? घेणाऱ्याला मेसेज जाऊ दे, सात दिवसांत त्याने नाही म्हणावं. तोवर आरसीच्या नोंदीत 'विक्रीची सूचना मिळाली' एवढी एक ओळ दिसली तरी पोलीस आणि ट्रिब्युनल पहिल्या दारावर थाप मारण्याआधी दुसरं दार बघतील. अडचण एवढीच होईल की डिकीत कोरे फॉर्म घेऊन हिंडणाऱ्यांचा धंदा बसेल.

लालबागच्या त्या मुलाच्या नावावर गाडी झाली. त्याने नव्या आरसीचा फोटो पाठवला, मी पोर्टलवर नंबर घालून पडताळला, मग विमा कंपनीला पत्र धाडलं. सगळं जमलं ते मुलगा सरळ होता म्हणून, आणि माझी नोकरी त्याच टेबलावर गेली म्हणून. फॉर्म २९ आजही विकणाऱ्याच्याच सहीचा आहे आणि कलम ५० मध्ये कळवण्याचं काम आजही विकणाऱ्याचंच आहे. तो फॉर्म त्याला एकट्याला, त्याच दिवशी, त्याच्या फोनवरून भरू द्यायला नवा कायदा करावा लागत नाही.